भिंतीपलीकडच्या माणसावर दावा

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज पत्र आलं. लॅबच्या पत्त्यावर मागवलं होतं, घरच्या नाही. मोठ्या इस्पितळाच्या रक्तपेढीत मुख्य तंत्रज्ञाची जागा. सतरा तारखेला मुलाखत. शहर चार तासांवर आहे, म्हणजे तिथेच राहावं लागेल.

नवऱ्याला सांगितलेलं नाही. का, ते इथे तरी खरं लिहावं. तो नाही म्हणणार नाही. आजवर कधीच म्हणाला नाही. तो फक्त "बघ, तुला झेपेल का" असं विचारतो, आणि इतक्या मायेनं विचारतो की आठवडाभरात मलाच वाटायला लागतं, नाही झेपणार. त्याचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. अर्ध्या गावाला त्यानं गाडी शिकवली, मला नाही. म्हणतो, "तुझ्या हातापायांचा मेळ नाही." असेलही. पण वीस वर्षं मी लोकांच्या शिरा पहिल्या टोचणीत शोधतेय, तेव्हा बरा मेळ असतो.

सांगितलं फक्त ताईला. सकाळी सहापासून नमुने घ्यायचे, एक वाजता सुटायचं, घरी येऊन फोन ओट्यावर उभा करायचा आणि ताईशी तासभर बोलायचं, हा माझा दिवसातला सगळ्यात चांगला वेळ. तो तेव्हा शिकवणीवर असतो. ताई आनंदानं किंचाळली. मग बोलण्याच्या ओघात मी तिला शाळेच्या मोठ्या बाईंच्या रिपोर्टबद्दलही सांगितलं. नाव घेतलं नाही, पण कुठली शाळा ते कुणालाही कळलं असतं. नको होतं बोलायला. माझा हात हलका आहे तसं तोंडही हलकं आहे.

६ फेब्रुवारी

काल ताईला म्हणत होते, उभं राहून टाचा भरून येतात, एकदा मऊ तळाचे बूट घ्यायला हवेत. आज संध्याकाळी नवरा बूट घेऊनच आला. माझ्याच मापाचे, मऊ तळाचे. "कसं ओळखलंस?" तर म्हणे, "चौदा वर्षं झाली, चालण्यावरून कळतं." ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझ्या भाओजींना घोरण्यापलीकडे काही येत नाही, तू नशीबवान आहेस गं."

जिन्यात रेडिओकाका भेटले. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून त्यांचं घर आहे. आयुष्यभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. आता बायको जाऊन नऊ वर्षं झाली, तरी घर तारा, डबे आणि उघड्या रेडिओंनी भरलेलं. माझ्या हातातली बॅग बघून म्हणाले, "काय पोरी, परगावी निघालीस वाटतं? एकटीच?" चेन दुरुस्त करून आणलेली बॅग होती. मी दचकले. "छे हो काका," म्हटलं आणि वर पळाले. उगाच. पण काही लपवत असलं की साधा प्रश्नही टोचतो.

१७ फेब्रुवारी

मुलाखत झालीच नाही.

नवऱ्याला सांगितलं होतं की नव्या यंत्राचं प्रशिक्षण आहे. पहाटेची बस पकडून पोचले. दोन तास बाकावर बसवून ठेवलं. मग एका बाईंनी आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि एक टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला. खाली सही नाही. 'ही बाई रुग्णांचे रिपोर्ट घरी बसून चघळते. रक्तपेढीसारख्या ठिकाणी तिला घेण्यापूर्वी विचार करावा.' आणि त्याखाली अवतरणचिन्हांत माझं वाक्य. माझंच. 'शाळेच्या मोठ्या बाई, वय बेचाळीस, आणि रिपोर्ट असा, आता काय करतील बिचाऱ्या!'

मी हे वाक्य एकदाच बोलले. माझ्या ओट्यापाशी उभी राहून, घरात एकटी असताना.

बाई म्हणाल्या, "तुम्ही हे बोललात का?" मला नाही म्हणताच आलं नाही. माझा चेहराच बोलला असणार. 

१८ फेब्रुवारी

तसंच पत्र आमच्या लॅबच्या डॉक्टरांनाही आलं होतं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "रिपोर्ट पेशंटच्या नवऱ्यालासुद्धा आपण देत नाही. तुम्हीच नवख्या मुलींना शिकवता ना हे?" नोकरी ठेवली, पण काउंटरवरून काढून मला मागे स्लाइड धुण्याच्या खोलीत बसवलं. शाळेच्या त्या मोठ्या बाई कधी समोर आल्या तर मी काय करू?

२० फेब्रुवारी

नवऱ्याला सगळं सांगितलं. मुलाखतीचंसुद्धा. वाटलं होतं, न सांगता गेल्याचं त्याला लागेल. त्याला नवलही वाटलं नाही, रागही आला नाही. जवळ घेऊन म्हणाला, "जाऊ दे. झालं ते बऱ्यासाठी. तिथे एकटी कशी राहिली असतीस?" मी खूप रडले. असा माणूस घरात असताना मी काय म्हणून लपवलं?

मग त्यानं विचारलं, "पलीकडे आवाज जातो का गं आपल्या स्वयंपाकघरातला?"

मला एकदम ती बॅग आठवली. परगावी निघालीस वाटतं? एकटीच?

२२ फेब्रुवारी, शनिवार

विसरायच्या आत लिहून ठेवते.

मिक्सर लावला की ओट्यामागच्या बोर्डातून ठिणगी उडत होती. एरवी असली कामं नवराच करतो, कुणाला हात लावू देत नाही. पण तो दिवसभर शिकवणीवर, म्हणून मीच कोपऱ्यावरच्या वायरमनला बोलावलं. त्यानं बोर्ड उघडला आणि म्हणाला, "वहिनी, हे काय ठेवलंय?" काडेपेटीपेक्षा लहान, काळं काहीतरी. एका बाजूला बारीक जाळी. आत सिमकार्ड. तो म्हणाला, "बाहेरून या नंबरवर फोन लावायचा. इथे घंटी वाजत नाही, पण तुमचं सगळं बोलणं तिकडे ऐकू जातं."

 नवऱ्याला फोन करायला हात पुढे केला, तर नंबर लावायच्या आत तो दारात! शिकवणीची गाडी खाली तशीच आडवी उभी, शिकणारी मुलगी आत बसलेली. घामानं डबडबला होता. म्हणाला, जवळूनच जात होतो, पाणी प्यायला आलो. देवासारखा आला. वायरमनच्या हातातून ते यंत्र घेतलं, उलटसुलट पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं. 

"ही भिंत कोणाची?" एवढंच म्हणाला.

वायरमन यंत्र त्याच्याजवळ ठेवून निघाला होता. मीच ते परत मागितलं आणि लॅबच्या नमुन्याच्या पिशवीत घालून, चिकटपट्टी लावून वर तारीख टाकली. सवय. नवरा म्हणाला, "माझ्याकडे दे, मी बघतो." पण मी पर्समध्येच ठेवलं.

२७ फेब्रुवारी

वकीलबाई माझ्याएवढ्याच असतील. पांढरे केस रंगवत नाहीत, आणि समोरचा बोलत असताना टेबलावरच्या टाचण्या एका रांगेत लावत बसतात. मला वाटलं होतं, पोलिसात दिलं की झालं. पोलिसांनी अर्ज घेतला आणि फाइलीत ठेवला. वकीलबाई म्हणाल्या, "फौजदारी त्यांच्या गतीनं चालू दे. आपण दिवाणी दावा लावू. खासगीपणाच्या हक्काचा भंग."

मी विचारलं, "पण माझ्या घरातून काही चोरीला गेलं नाही, कुणी घुसलं नाही. कोर्ट म्हणेल, गेलं काय तुमचं?"

"तुमचं काय गेलं, ते तुम्हीच सांगा."

मी विचार करून म्हणाले, "मी आता स्वयंपाकघरात बोलत नाही. ताईशी बाहेर उभी राहून बोलते. एकटी असले तरी कुणीतरी आहे असं धरून वागते."

"हेच लिहायचं दाव्यात," त्या म्हणाल्या. "हा हक्क भिंतींचा नाही, माणसाचा आहे. आपलं काय कुणापुढे उघडं करायचं हे आपण ठरवायचं. ते दुसऱ्यानं ठरवलं की भंग." मग टाचण्या विस्कटून म्हणाल्या, "पण एक सांगून ठेवते. दावा लावलात की दोन्ही बाजूंचं बरंच उघडं होतं. तुमचं आणि त्यांचंही."

मी म्हटलं, होऊ दे.

प्रतिवादीच्या जागी रेडिओकाकांचं नाव लिहिताना क्षणभर पेन अडलं. माझ्या सासूबाईंच्या आजारपणात यांनीच रात्रंदिवस धावपळ केली होती. पण भिंत त्यांची, हत्यारं त्यांची, बॅग बघून बोललेलं ते वाक्यही त्यांचंच. नवरा शेजारी बसून मान हलवत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "तू खंबीर आहेस." इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाला.

१२ मार्च, बुधवार

आज कोर्टाच्या हुकमानं काकांच्या घराची तपासणी झाली. कोर्टानं नेमलेले कमिशनर, त्यांचा कारकून, वकीलबाई, मी. काकांनी दार उघडलं. स्वच्छ दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा. माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, तुला खरंच वाटतं मी असं करीन?" मी जमिनीकडे बघितलं.

चार तास चाललं. खोके, डबे, तारांची भेंडोळी, सगळ्याची यादी. यंत्रासारखं यंत्र सापडलं नाही, पण त्यात वापरतात तसले सुटे भाग सापडले. ते तर रेडिओवाल्याकडे असणारच, काका म्हणाले. मग आतल्या खोलीत कपाटाच्या तळाशी एक पत्र्याची पेटी. त्यात फितीनं बांधलेला पत्रांचा गठ्ठा.

काका बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "ते राहू द्या साहेब. ते तिचं आहे. मी पण कधी सोडून बघितलेलं नाही."

कमिशनर म्हणाले, "कागद आहेत म्हटल्यावर बघावं लागतं." त्यांना मोबाइलच्या पावत्या, सिमकार्डाचे कागद हवे होते. त्यांनी फीत सोडली, पानं उलटली, काही नाही म्हणून बाजूला ठेवली. मी पलंगापाशी उभी होते. सगळ्यात वरचं पान माझ्या अगदी डोळ्यांखाली होतं.

मी वाचलं. मान वळवता आली असती. वळवली नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. माझं इतकं ऐकलंत, आता मी तुमचं थोडं वाचते, असं मनात आलं.

१३ मार्च

ताईला सांगितलं. अंगणातल्या टाकीपाशी उभं राहून, हळू आवाजात. काकूंनी ते पत्र दुसऱ्याच एका माणसाला लिहिलं होतं. लग्नानंतर काकू अकरा महिने आजारी मावशीपाशी होत्या असं सगळे म्हणतात. मावशी नव्हती. त्या माणसाकडे होत्या, आणि मग परत आल्या. 'तो बिचारा काही विचारत नाही, म्हणून मला जास्त शरम वाटते,' असं लिहिलंय. पत्र पाठवलेलंच नाही.

ताई म्हणाली, "अगंबाई! त्या काकू?" मग आम्ही थोडं हसलोही.

रात्री जेवताना नवऱ्यालाही सांगितलं. त्यानं घास तसाच हातात ठेवून सगळं ऐकलं. म्हणाला, "बघ. ज्याची बायको अशी, तो माणूस दुसऱ्याच्या बायकोचं ऐकणारच."

२ एप्रिल

इमारतीत सगळ्यांना कळलंय. ताई तर इथे राहत नाही. नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, एकदोघांना बोललो असेन, दाव्याला बळच येईल. तळमजल्यावरच्या दोघांनी आज काकांना जिन्यात अडवून विचारलं, "काय काका, मावशीची तब्येत कशी आहे?" आणि हसले. मी वरच्या पायरीवर होते. काकांना कळलंच नाही, कुठली मावशी. त्यांनी पुन्हा विचारलं, "कोणाची मावशी?" मग त्या दोघांनी सांगितलं. सगळं. नीट, टप्प्याटप्प्यानं.

काकांच्या हातात दुधाची पिशवी होती. ते तसेच उभे राहिले. मग वर यायचं सोडून पुन्हा खाली उतरले आणि फाटकाबाहेर निघून गेले.

मी आत येऊन दार लावलं. दाव्यात आपली बाजू बळकट आहे असं वकीलबाई म्हणतात. मला का कोण जाणे, जेवण गेलं नाही.

१७ एप्रिल

काकांच्या घरातून हल्ली आवाज येत नाही. पूर्वी सकाळी रेडिओच्या खरखरीनं जाग यायची. आज भिंतीला कान लावला. होय, मी. काहीच ऐकू आलं नाही.

आज वकीलबाईंनी सांगितलं, सिमकार्डावर कुठून कुठून फोन आले त्याची नोंद कंपनीकडून मागवायचा हुकूम मिळाला. दहाबारा दिवसांत येईल. "मग भिंतीबिंतीचं काही राहत नाही," त्या म्हणाल्या. "ऐकणारा नंबर सरळ कागदावर."

घरी येऊन आनंदानं नवऱ्याला सांगितलं. त्यानं हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाला, "आता पुरे कर. त्यांचं वय झालं. माफ करून टाक, दावा मागे घे. लोक नावं ठेवतील आपल्यालाच." किती मोठं मन याचं! मी म्हटलं, आता दहाबाराच दिवस. तो म्हणाला, "तुला ऐकायचंच नाही माझं."

नंतर सहज विचारल्यासारखं विचारलं, "ती वही कुठे ठेवतेस हल्ली? कपाटात दिसत नाही."

मी फेब्रुवारीपासून वही पर्समध्ये ठेवते, तो झोपल्यावर लिहिते. त्याला म्हटलं, लिहायचं सोडलं. का असं म्हटलं ते मला माहीत नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

वकीलबाईंनी लॅबमध्ये फोन केला. सुटल्यावर सरळ इकडे या, म्हणाल्या. आज टाचण्यांना हात लावला नाही. कागद माझ्याकडे वळवला. सहा महिन्यांत चारशेवर फोन. बहुतेक दुपारी एक ते तीन. सगळे एकाच नंबरवरून.

"हा नंबर ओळखता?"

ओळखत होते. शिकवणीच्या गाडीच्या मागच्या काचेवर, लाल अक्षरांत लिहिलेला दुसरा नंबर.

मी म्हटलं, कुणीतरी त्याचा फोन वापरला असेल. मी म्हटलं, त्याच्या शिकाऊ मुलांपैकी कुणीतरी.  मी बोलत राहिले आणि बोलता बोलता बूट आठवले. मग वायरमन आला तो दिवस. मी फोन करायच्या आत तो दारात उभा होता. तो ऐकत होता.

वकीलबाई म्हणाल्या, "आज घरी जाऊ नका. त्याला काही बोलू नका."

खाली रस्त्यावर आले तर समोर त्याची शिकवणीची गाडी. आज इथे येणार हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यानं आतून दार उघडलं. "इकडूनच जात होतो. बस." आणि मी बसले. पाय सवयीनं आत गेले.

गाडी आमच्या वळणावरून पुढे गेली. मी म्हटलं, "वळण गेलं." तो म्हणाला, "थोडं फिरू." त्याचा आवाज नेहमीसारखाच, मऊ. गाव मागे पडलं. रस्ता मोकळा झाला. मी विचारलं, "का केलंस?"

त्यानं गिअर बदलला. मग म्हणाला, "तू ताईशी बोलताना कशी हसतेस, माहितेय? माझ्यासमोर कधी हसत नाहीस तशी. पहिल्यांदा नुसतं ते ऐकायला ठेवलं होतं." मग म्हणाला, "तू जाणार होतीस. मला न सांगता. मी काय करायला हवं होतं?"

"आणि काका?"

"तू त्यांचं नाव घेतलंस. मी फक्त विचारलं, भिंत कोणाची."

मी म्हटलं, गाडी थांबव. त्यानं वेग वाढवला. दारं आतून बंद झाल्याचा आवाज आला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी शिकवणाऱ्याच्या बाजूला बसलेय, आणि त्या बाजूला पायाशी वेगळा ब्रेक असतो. मी दोन्ही पाय त्यावर दाबले. गाडी किंचाळत आडवी झाली. मागच्या ट्रकनं कसाबसा वळसा घेतला. इंजिन बंद पडलं. मी माझ्या दाराची खुंटी वर ओढली आणि उतरले.

तो मागे धावला नाही. खिडकीतून बघत म्हणाला, "बघ. जमलं तुला."

ट्रकवाल्यानं मला गावात सोडलं. हे सगळं लॅबच्या मागच्या खोलीत बसून लिहितेय. ताई निघाली आहे.

८ मे

आज कोर्टात उभी राहिले. वकीलबाई म्हणाल्या होत्या, एका ओळीचा अर्ज देऊन दावा मागे घेता येईल, तुम्हाला बोलायची गरज नाही. मी म्हटलं, बोलायचंय. न्यायाधीशांना सांगितलं की माझ्या घरात माझ्या नवऱ्यानं ते यंत्र बसवलं, या माणसाचा काही संबंध नाही, मी चुकीच्या माणसावर दावा केला. नवऱ्यावर वेगळा दावा उद्या दाखल होतोय. तो गावात नाही म्हणतात. ताई मला एकटीला कुठेही जाऊ देत नाही.

काका मागच्या बाकावर होते. महिन्याभरात किती वाळले! दावा काढून टाकल्याचा हुकूम ऐकून उठले आणि कुणाकडे न बघता निघून गेले. मला वाटलं होतं, माझ्या बोलण्यानं त्यांना हलकं वाटेल. मला हलकं वाटायला हवं होतं, हेच खरं असावं.

२५ मे, रविवार

सामान न्यायला ताईबरोबर घरी गेले. ताईला आत ठेवून मी काकांचं दार वाजवलं.

त्यांनी दार उघडलं, पण बाजूला झाले नाहीत. मी पायरीवर उभी राहून माफी मागितली. पाठ केलं होतं, मधेच विसरले. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "बाई, तुमच्यावर फार वाईट प्रसंग आला. तुम्ही घाबरलात, माझ्यावर संशय घेतलात. ते मी समजू शकतो. माझ्याकडे तारा होत्या, तुमच्याकडे भीती."

आजवर मला 'पोरी' म्हणणारा माणूस 'बाई' म्हणाला. 'तुम्ही' म्हणाला.

"पण ती पत्रं," ते म्हणाले. "ती गेली तेव्हा पेटीत सापडली. मी नऊ वर्षं फीत सोडली नाही. मला अंदाज नव्हता असं नाही. पण ते मला कळायला हवं की नको, हे तिनं ठरवलं होतं. तिनं पाठवली नाहीत, दाखवली नाहीत. आणि मीही ठरवलं होतं, नको. आमच्या दोघांत तेवढं ठरलेलं होतं. ते मला जिन्यात कळलं, बाई. दूध हातात असताना."

मी म्हटलं, "मी फक्त दोघांना सांगितलं होतं."

ते म्हणाले, "हो. तुमच्या नवऱ्यानंही ऐकून फक्त दोघांनाच पत्रं पाठवली."

आणि दार लावून घेतलं. जोरात नाही.

१९ जून

समन्स आलं. दिवाणी दावा, खासगीपणाच्या हक्काचा भंग. वादी रेडिओकाका. प्रतिवादी क्रमांक एक मी, क्रमांक दोन नवरा. त्याचं आणि माझं नाव एकाखाली एक.

ताई भडकली. "म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय! तू त्याचे पाय धरायचे तेवढे धरलेस ना?" मी समन्स घडी करून पर्समध्ये ठेवलं.

२३ जून

वकीलबाईंकडे गेले. त्यांनी दावा नीट वाचला होता, उत्तराचा मसुदाही तयार होता. म्हणाल्या, "घाबरू नका. तपासणी कोर्टाच्या हुकमानं झाली, त्याचा दोष तुमच्यावर येत नाही. राहिला प्रश्न बाहेर सांगण्याचा. सांगितलं तुमच्या नवऱ्यानं. तुम्ही कुणाला काही बोललात याचा त्यांच्याकडे कणभर पुरावा नाही. ताई काही सांगणार नाहीत. नवऱ्याच्या शब्दावर आता कोण विश्वास ठेवतो? हा दावा तुमच्यापुरता टिकत नाही."

"आणि मान्य केलं तर?"

"तर तुमच्या नवऱ्यावरच्या दाव्यात त्याचा वकील पहिल्याच दिवशी ते वाचून दाखवेल. बघा, हीच बाई दुसऱ्याचं उघडं करते, म्हणेल. आणि रक्तपेढीची आशा कायमची सोडा. लॅबचंही सांगता येत नाही."

त्यांनी मसुदा पुढे केला. काकांच्या दाव्यातल्या एकेका परिच्छेदाला आमचं एकेक उत्तर. परिच्छेद एक, मान्य. दोन, मान्य. असं उतरत उतरत परिच्छेद सात: 'प्रतिवादी क्रमांक एक हिने तपासणीच्या वेळी वादीच्या दिवंगत पत्नीचे खासगी पत्र वाचले व त्यातील मजकूर इतरांना सांगितला.' त्यापुढे टाइप केलेलं होतं, 'अमान्य.'

खाली रस्त्यावर गाड्यांचे आवाज येत होते. हल्ली गाडी थांबल्याचा आवाज आला की मी आधी खिडकीकडे बघते. आजही बघितलं. कुणी नव्हतं. निदान दिसलं नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "विचार करून सही करा. घाई नाही."

मी त्यांच्या टेबलावरचं पेन घेतलं. परिच्छेद सातच्या उत्तरातलं 'अ' हे एकच अक्षर खोडलं, बाजूला बारीक सही केली आणि कागद परत दिला.